रांबुलान बेसिनची तेलसंभाव्यता

मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या एका युनिव्हर्सिटीत गाळाच्या खडकांचा एक विभाग होता आणि त्याने आजवर कोणाचंही घोडं मारलं नव्हतं. आग्नेय आशियातल्या उष्ण समुद्रांखाली लाखो वर्षं गाळ साचून जी प्रचंड खोलगट बेसिनं तयार झाली, त्यांच्यात खनिज तेल सापडण्याची शक्यता किती, एवढीच काय ती या विभागाची जिज्ञासा. प्राध्यापक एक, विद्यार्थी तीन-चार, आणि शक्यता विभागाच्या प्रकृतीला मानवेल इतपत कमी. सगळं कसं सुखात चाललं होतं.

मग दोन हजार सातच्या सुमारास सरकारने देशाला हव्या असलेल्या माणसांत भूशास्त्रज्ञ हा प्राणी घातला. झालं! डिग्री घ्या आणि पीआर मिळवून कायमचे राहा, असा त्याचा अर्थ पुण्यातल्या कन्सल्टंटांनी दुसऱ्याच दिवशी लावला. ज्यांनी जन्मात कैऱ्या पाडण्याखेरीज दगड हातात घेतला नव्हता, त्यांना वालुकाश्माचं प्रेम अनावर झालं. पुढच्या इन्टेकला, म्हणजे प्रवेशाच्या हंगामाला, विभागात बसायला जागा उरली नाही. विद्यार्थी वाढले, खुर्च्या वाढल्या, ‘वेलबीइंग ऑफिसर’ वाढले. दगड तेवढा वाढला नाही. रांबुलान बेसिनच्या तळातून कोणे एके काळी नळीने काढलेला वालुकाश्माचा एकच लांबट दांडा, ज्याला कोअर म्हणतात, तो विभागाच्या मालकीचा होता. प्रॅक्टिकलला मुलं रांगेने येत, त्याला दर्शन घेतल्यासारखा हात लावत आणि ‘निरीक्षण केलं’ म्हणून सही करून जात.

या गर्दीत निमिष हा एक चमत्कारिक मुलगा होता. त्याला दगड खरंच आवडायचे. सहकारनगरातून तो मास्टर्सच्या संशोधनाला आला होता. प्रबंधाचं नाव ‘रांबुलान बेसिनची तेलसंभाव्यता’. दीड वर्ष त्याने कोअर तपासला, भूकंपलहरींचे नकाशे घोटले, आणि प्रामाणिकपणे जे दिसलं ते शेवटच्या प्रकरणात लिहून टाकलं. तेल नाही. रेती आहे, चिखल आहे, थोडा कोळसा आहे, तेल नाही.

प्राध्यापक हेमचंद्र गद्रे यांनी ते वाक्य वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. गद्रे मूळचे विलेपार्ल्याचे. वीस वर्षांपूर्वी इथे आले ते ‘रांबुलानमध्ये तेल आहे’ हा एकच सिद्धांत घेऊन, आणि तो त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

“निमिष, अरे, ‘नाही’ हा निष्कर्ष नसतो.”

“सर, पण नाहीच आहे.”

“हे बघ. आढळलं नाही म्हण. अद्याप आढळलं नाही म्हण. ‘न आढळण्याची कारणं उत्साहवर्धक आहेत’ असं म्हण. ‘नाही’ कसला म्हणतोस कपाळकरंट्या?”

“मी प्रबंधाचं नाव बदलू का मग?”

गद्रेंनी हताशपणे मान हलवली. नाव समितीने मंजूर केलेलं होतं. नावात संभाव्यता होती, तेव्हा आत ती असणं बंधनकारक होतं. आत ती नसेल तर नाव बदलावं लागेल. नाव बदलणारी समिती मार्चमध्ये बसते, आणि निमिषचा व्हिसा डिसेंबरात संपत होता. थोडक्यात, तेल सापडलं तर निमिष पास, नाही सापडलं तर निमिष पुण्याला. आता लाखो वर्षांपूर्वी समुद्राने जे केलं नाही, ते या पोराने डिसेंबरापर्यंत करून दाखवायचं होतं.

“आणि तुझी आई सोसायटीत काय सांगते, ते मला माहितीये,” गद्रे म्हणाले. त्यांच्या वहिनी त्याच सोसायटीत राहायच्या.

आई, म्हणजे पद्माताई, सांगायच्या की आमचा निमिष तिकडे तेल शोधतोय. वॉचमनला सांगून झालं होतं, इस्त्रीवाल्याला सांगून झालं होतं.

आता इथे हवामानाची एक साधी बाब नोंदवायला हवी. क्लेटनच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, खोबरेल तेल गोठतं. आपली मुलं परदेशी जाताना लाजलज्जा मागे ठेवतील, पण आईने बॅगेत कोंबलेली खोबरेलाची निळी बाटली मागे ठेवत नाहीत, आणि रविवारी न्हाण्याआधी डोक्याला तेल लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भाड्याच्या घरातला हीटर लावला की घरमालक बोंबलतो. तेव्हा अख्ख्या क्लेटनमध्ये बाटली वितळवायची हुकमी जागा एकच होती. कोअर-लॅबमधली दगड वाळवायची भट्टी! ती सदैव कोमट असे. जूनपर्यंत तिच्या डोक्यावर बाटल्यांची अशी रांग लागली की एखाद्या केशकर्तनालयाला हेवा वाटावा. भट्टीच्या अगदी खाली, उघड्या ट्रेमध्ये, रांबुलानचा कोअर निजलेला असे.

एका शुक्रवारी दुपारी निमिष आपली बाटली काढायला गेला. विचारांच्या तंद्रीत कोपर लागलं. रांगेतल्या तीन-चार बाटल्या आडव्या झाल्या आणि पातळ झालेलं तेल गपागप खाली कोअरवर ओघळलं. वालुकाश्म सच्छिद्र असतो, हे निमिषने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात सिद्ध केलं होतं. आता ते त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. दगडाने सगळं तेल पिऊन टाकलं आणि ढेकरही दिली नाही. निमिषने बाहीने वरवर पुसलं, खिडकी उघडली, आणि मारुतीचं नाव घेत पळ काढला.

सोमवारी प्रॅक्टिकल होतं. दिवे मालवून कोअरवर अतिनील प्रकाश टाकायचा, तेल असेल तर दगड चमकतो. आजवर तो कधी चमकला नव्हता, त्यामुळे मुलं अंधारात एसेमेस करत बसत. त्या दिवशी दिवा लागला आणि रांबुलानचा कोअर फिकट निळ्या तेजाने असा उजळला की गुजराथी धवलने चक्क हात जोडले. कोणीतरी गद्रेंना धावत बोलावून आणलं. ते दारातच थबकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आई शप्पथ,” ते म्हणाले. वीस वर्षांत कोणी त्यांना ऑस्ट्रेलियात मराठी शपथ घेताना ऐकलं नव्हतं.

तुकडा रसायन-तपासणीला गेला. तिथलं यंत्र चालवायची मिताली, विभागातलीच विद्यार्थिनी आणि निमिषची मुंबईकर मैत्रीण. यंत्र खोटं बोलत नाही, आणि ते याही वेळी बोललं नाही. अहवालात स्वच्छ लिहून आलं: तेलाचा उगम समुद्री नसून जमिनीवरच्या वनस्पतींचा, हवामान उष्ण, किनारी, वनस्पती ताडमाड कुळातली, तेल अत्यंत ताजं, दूरवरून वाहत आल्याची चिन्हं नाहीत.

गद्रेंनी टेबलावर मूठ आपटली. “मी वीस वर्षं काय घसा फोडून सांगतोय? आग्नेय आशियातलं तेल माशांचं नाही, झाडांचं! किनाऱ्यावरच्या खारफुटी, माडांची बनं, तीच गाळात पुरली जातात! ऐकलं कोणी?”

आता सगळ्यांनी ऐकलं. डीनबाई आल्या, त्यांनी कोअरसोबत फोटो काढून घेतला. वेबसाइटवर बातमी झळकली. पुण्यातल्या कन्सल्टंटांनी ती रंगीत छापून काचेवर चिकटवली. निमिषची मात्र पाचावर धारण बसली. रात्रंदिवस डोळ्यांपुढे ती निळी बाटली. अखेर जिवाचा हिय्या करून तो गद्रेंच्या खोलीत शिरला आणि एका दमात ओकला, “सर, ते खोबरेल आहे. माझ्या हातून सांडलं.”

गद्रेंनी शांतपणे विचारलं, “खोबरेल कशाचं असतं?”

“नारळाचं.”

“नारळ कुठे येतो?”

“उष्ण प्रदेशात. किनाऱ्यावर. पण सर...”

“कुठल्या कुळातला?”

“माडाच्याच.”

“मग अहवाल याहून वेगळं काय म्हणतोय? तुझं आणि यंत्राचं एकमत आहे, निमिष. शास्त्रात असं क्वचित होतं. नो वरीज.”

निमिष तरी हट्टी. तो सचोटी-कार्यालयात गेला. असं कार्यालय तिथे खरंच होतं, आणि तिथली हसतमुख बाई त्याचं म्हणणं ऐकून गहिवरली. नमुन्यातला महत्त्वाचा पदार्थ आपण स्वतः पुरवला, असा विद्यार्थ्याचा दावा असल्याची नोंद तिने केली. नियमाप्रमाणे संशोधनात साहित्य पुरवणाऱ्याला श्रेय न देणं हा गंभीर गैरप्रकार ठरतो. आठवड्याभरात गद्रेंना समज मिळाली आणि शोधनिबंधावर निमिषचं नाव लागलं. पहिलं.

“मी गुन्हा कबूल करायला गेलो होतो गं!” तो मितालीपुढे रडकुंडीला आला. दोघं स्टेशनजवळच्या दुकानात डोसा खात बसले होते.

“अजून एकदा जाऊ नकोस, नाहीतर प्रोफेसर करतील,” मिताली म्हणाली. “आणि ऐक. कोअर खराब झाला असं ठरलं, तर या सेमिस्टरची सगळी प्रॅक्टिकल्स रद्द. प्रॅक्टिकल रद्द म्हणजे युनिट रद्द, युनिट रद्द म्हणजे सगळ्यांचे व्हिसे लटकले. माझासुद्धा. त्या धवलचं लग्न ठरलंय पीआरच्या भरवशावर. तुला एकट्याला झोप लागावी म्हणून आम्ही सगळ्यांनी घरी जायचं का?”

खरं बोलायची निमिषची तयारी होती, पण त्या खऱ्याखाली इतकी माणसं राहायला आली असतील, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला मितालीचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. त्या रात्री त्याने शेवटच्या प्रकरणातला ‘नाही’ खोडला. पाटीवरची चूक पुसावी तितकं ते सोपं गेलं, याचंच त्याला वाईट वाटलं.

प्रबंध विशेष प्रावीण्यासह मंजूर झाला. व्हिसा वाढला. निमिष त्याच विभागात ट्यूटर झाला आणि दर सोमवारी अंधारात दिवा धरून नव्या मुलांना म्हणू लागला, “बघा, कसा चमकतोय.”

तेल आहे म्हटल्यावर इन्टेक दुप्पट झाला. एवढे हात लागले की कोअरवरचं तेल हातांबरोबर निघून जाऊ लागलं. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चमक फिकटली. सप्टेंबरात ती शोधावी लागली. गद्रेंनी विभागाच्या बैठकीत अत्यंत गंभीरपणे ‘उत्पादनातली नैसर्गिक घट’ असा विषय मांडला आणि सर्वांनी चिंतातुर माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात एका तेल कंपनीची माणसं कोअर बघायला येणार होती.

बैठक संपल्यावर गद्रेंनी निमिषला बाजूला घेतलं. बाहेरच्या झाडावरचे पांढरे कॅकाटू पोपट बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, पद्माताई कधी येतायत इकडे?”

“पुढच्या शनिवारी, सर. का?”

“नाही, म्हटलं, बॅगेत जागा असेल त्यांच्या.”

निमिषने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. गद्रेंनी पाहिलं नाही. ताकास तूर लागू न देता ते पुढच्या लेक्चरला निघून गेले. मग निमिषने फोन काढला. पलीकडून पद्माताईंचा आवाज नुसता ओसंडत होता. सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि चौथ्या मजल्यावरच्या चित्रलेखाबाई आपल्या ओजसलाही तिकडेच घालायचं म्हणत होत्या.

“आई, येताना खोबरेलाच्या बाटल्या आण,” निमिष म्हणाला.

“एक घेतलीये रे राजा.”

“दहा आण.”

“अगं बाई! एवढं डोक्याला लावतोस? अभ्यासाने तापतं का रे फार?”

“हो,” निमिष म्हणाला.

रांबुलान बेसिन आजही जोमात आहे. समुद्रातल्या त्या जागी अजून कोणी विहीर खणलेली नाही, तशी गरजही पडलेली नाही. दर फेब्रुवारीत आणि जुलैत पुण्या-मुंबईहून नवा साठा येतो, आणि आईवडील विमानतळावर डोळे पुसत तो रवाना करतात. तेव्हा वाचकहो, हसायचं तर खुशाल हसा. फक्त पुढच्या इन्टेकला आपल्या बाळाची बॅग भरताना ती निळी बाटली आत ठेवाल, तेव्हा झाकण फार घट्ट लावू नका. तिकडे पोराच्या करिअरचा प्रश्न असतो.