बाबांना हरवलं

"आपल्या घरातलं कोणी हरवलं ना, तर दोन तासांत शोधून आणीन!" असं चष्मेवाले नेहमी म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, आणि घरातले सगळे घरात असताना म्हणायचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणाला खोडून काढता येत नसे.

पोटापाण्यासाठी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव अडकला होता तो हरवलेल्या माणसांच्या सिनेमांत. पोस्टमन एका इमारतीत शिरतो आणि बाहेर येतात फक्त त्याचे जोडे. नवरा दाढी करता करता आरशासमोरून नाहीसा होतो. असलं काही लागलं की चष्मेवाले टीव्हीला खिळायचे आणि मध्यंतराआधीच गुन्हेगार कोण ते जाहीर करायचे. दहापैकी नऊ वेळा चुकायचे, पण मग दोष दिग्दर्शकाचा असायचा.

इतके सिनेमे पाहून त्यांनी नियम काढले होते. एक, पहिले दोन तास सोन्याचे. दोन, हरवलेल्या माणसाच्या खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि तिसरा नियम म्हणजे, घरातून निघताना त्या माणसाला शेवटचं वाक्य काय ऐकवलं ते आठवायचं, कारण सिनेमात ते नेहमी वाईटच असतं.

त्या दिवशी दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. चष्मेवाले लोडाला टेकून एक सिनेमा पाहत होते. त्यातली बाई तीन दिवस बेपत्ता होती, अख्खं गाव तिला नदीकाठी शोधत होतं, आणि कोड्याची आता कुठे उकल होणार होती. तेवढ्यात त्यांचे वडील खोलीतून बाहेर आले. वय चौऱ्याहत्तर, हातात बुद्धिबळाची पेटी. पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "नदीत काय शोधतायत? नवऱ्यानेच माळ्यावर लपवलीय तिला."

पुढच्याच मिनिटाला माळ्याचं दार उघडलं आणि बाई निघाली.

चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, तुम्ही जरा कुठेतरी जाता का!" ते ओरडले.

बाबा "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

यात तसं काही विशेष नव्हतं. दर आठवड्याला या दिवशी ते वाचनालयाच्या वरच्या खोलीत बुद्धिबळ खेळायला जात. समोर बसायचा चष्मेवाल्यांचा मेहुणा, शाळेत विज्ञान शिकवणारा एक चिकाटीचा माणूस. चिकाटीचा अशासाठी की तो अकरा वर्षं न चुकता बाबांकडून हरत होता. चष्मेवाल्यांनी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

साडेअकराला बायको स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "अहो, माझ्या भावाचा मेसेज आलाय. काय म्हणतोय बघा."

चष्मेवाल्यांनी वाचलं. 'बाबांना हरवलं. माझाच विश्वास बसत नाहीये. हात थरथरतायत. बॅटरी संपतेय, नंतर बोलू.'

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. बंद. बाबा फोन वापरतच नसत.

"हरवलं म्हणजे?" बायको म्हणाली. "एवढा मोठा माणूस हरवेल कसा?"

"अगं, याच वयात हरवतात. निघतात खेळायला, एखादं वळण चुकतं, आणि मग..." असल्या सिनेमात पुढे काय होतं ते या घरात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

मग त्यांना तिसरा नियम आठवला. तुम्ही जरा कुठेतरी जाता का. बाबा बरं म्हणाले होते. जन्मभर या माणसाने आपलं सगळं ऐकलं, आणि आज नेमकं हेही ऐकलं. ते वाक्य परत घेता आलं नाही तर? आता एकच काम होतं, बाबांना गाठायचं आणि ते वाक्य मागे घ्यायचं.

पण सोन्याचे दोन तास चालू झाले होते! त्यांनी बाबांच्या खोलीच्या दाराला आडवी-उभी चिकटपट्टी मारली. बायकोचा चार्जर आतच राहिला, पण तिने तक्रार केली नाही. मग त्यांनी प्रेसवाल्यांना फोन लावला. दुकानाची पावतीपुस्तकं तेच छापून द्यायचे. पलीकडून यंत्राची खडखड येत होती.

"प्रेसवाले, अर्जंट काम आहे! माझे वडील हरवले आहेत."

"हो, हो, कळलं मला," प्रेसवाले ओरडून म्हणाले. "वाईट वाटलं. पण वय झालं की व्हायचंच हो कधीतरी."

"तुम्हाला इतक्यात कळलं?"

"अख्ख्या गल्लीला कळलंय."

बातमी पसरली हे चष्मेवाल्यांना चांगलं लक्षण वाटलं. "पोस्टर काढायचंय. फोटो पाठवतो. खाली लिहा, आमचे वडील आज सकाळपासून हरवले आहेत, आढळल्यास त्वरित कळवावे. दोनशे काढा."

"दोनशे?" प्रेसवाल्यांचा आवाज चिरकला. "याची पोस्टरं? काकांना चालेल का पण?"

"चालेल की नाही हे विचारायला ते समोर नकोत का?"

"अहो, ते तर इथं..."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला होता. अशा वेळी लाइन मोकळी ठेवायची असते, हाही एक नियम होता.

पोलीस चौकीत हवालदार वही उघडून बसले. "वर्णन सांगा."

इथे मात्र चष्मेवाले तयारीत होते. "तपकिरी फ्रेम. लांबचा नंबर उणे सव्वा, जवळचा अधिक अडीच. डावी काडी थोडी सैल आहे, मान खाली घातली की घसरते."

"हे चष्म्याचं झालं. माणसाचं सांगा. शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

बाबा टीव्हीशेजारी पुरतं मिनिटभर उभे होते. त्यांच्या नजरेचा पाव नंबरसुद्धा आपल्याला पाठ आहे, आणि अंगात काय होतं ते आठवत नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आकाशी," मागून बायको म्हणाली. "कोपरावर रफू केलेला. मीच केलाय."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"घरात काही वाद?" हवालदारांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी खरं ते सांगितलं. सिनेमा, बाई, माळा, आणि ते वाक्य. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे माळ्यावर होती? अहो, मी काल अर्धाच पाहिला होता तो."

त्यानंतर हवालदारांच्या बोलण्यातला गोडवा कमी झाला. संध्याकाळपर्यंत वाट बघा, असं सांगून त्यांनी वही मिटली.

नवरा-बायको धावत वाचनालयाकडे गेले. कुलूप. साडेअकरा ते तीन बंद. समोरच प्रेस होती. चष्मेवाले आत शिरले, यंत्र खडखडत होतं, पोस्टरांचा गठ्ठा टेबलावर तयार होता. प्रेसवाल्यांनी अंगठ्याने मागच्या दाराकडे खूण केली आणि काहीतरी ओरडले. बहुतेक "आत या की!" असं.

"बसायला वेळ नाही!" चष्मेवाले ओरडले आणि गठ्ठा नि खळीचा डबा उचलून पळाले.

मग भिंती, खांब, दुकानांची बंद शटरं. बायको डोळे पुसत कागदांना खळ लावत होती, चष्मेवाले चिकटवत होते. पोस्टरवर काय छापलंय ते दोघांनीही वाचलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चष्मेवाल्यांचा स्वतःचा चष्मा घाईत घरीच राहिला होता. पुढे कित्येक महिने लोकांनी त्यांना यावरून छळलं.

विसावं पोस्टर लागलं आणि फोन वाजला.

"मी ग्रंथपाल बोलतोय. तुमचं पोस्टर पाहिलं. मी होतो ना तिथे."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"डोळ्यांदेखत झालं सगळं. घोडा आला हो मध्येच."

"घोडा?"

"कोपऱ्यातून आला. त्यांना दिसलाच नाही. मी म्हणतो, नजर कमी झाली असेल, तुम्ही एकदा नंबर तपासायला हवा होता."

"मग? पुढे?"

"पुढे काय, दोन मिनिटांत खेळ खलास."

चष्मेवाले होते तिथेच फुटपाथवर बसले. सबंध दुनियेचे डोळे तपासले, आणि घरातल्या माणसाचे परत तपासायचे राहिले. त्यांच्या हातून फोन गळून पडणार, तेवढ्यात बायकोने तो घेतला.

"कसला घोडा?" ती म्हणाली. "पांढरा? ... हं. ... आणि हत्ती कुठे होता? ... असं होय. ... आता कुठे आहेत?"

तिने फोन बंद केला, पदराने डोळे नीट कोरडे केले आणि भिंतीवरचं पोस्टर पहिल्यांदाच वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "आमचे वडील आज सकाळपासून हरले आहेत. आढळल्यास त्वरित कळवावे."

"हरवले," चष्मेवाले म्हणाले.

"हरले. यात 'व' नाहीये. आणि छापलंय तेच बरोबर आहे." ती त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसली. तिला हसू आवरेना. "अहो, माझ्या भावाने हरवलं त्यांना. बुद्धिबळात! वाचनालय बंद झालं म्हणून प्रेसवाल्यांनी मागची कागदांची खोली उघडून दिली. तिथे खेळतायत दोघं."

मेहुणा बाबांना हरवू शकतो, ही शक्यता अकरा वर्षांत कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती. त्यापेक्षा बाबा जगातून नाहीसे होणं त्या घराला जास्त सोपं वाटलं. चष्मेवाले उठले आणि असे पळाले की बायकोला डबा तिथेच टाकावा लागला.

कागदाच्या रिमांमध्ये एका खोक्यावर पट मांडला होता. एका बाजूला मेहुणा, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं तेज. दुसऱ्या बाजूला बाबा. आकाशी शर्ट, कोपरावर रफू, चष्मा नाकाच्या टोकावर. खळीने बरबटलेल्या हातांनी चष्मेवाल्यांनी बाबांना मिठी मारली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. देवा, वाचवलंस रे बाबा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बाबा आधी गोंधळले. मग त्यांनी मुलाच्या हातातलं पोस्टर घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, सावकाश वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा मऊ झाला.

"एवढं मनाला लावून घेतलंस?" ते म्हणाले. "अरे, एक डाव हरलो मी. मेलो नाही काही."

"परत म्हणा, बाबा."

"मेलो नाही, म्हटलं!" बाबा मोठ्याने म्हणाले. मुलाच्या कानांवर परिणाम झालाय की काय, असं त्यांना वाटलं. "याला बघा," त्यांनी प्रेसवाल्यांना सांगितलं. "मी हरलो तर सगळ्या गल्लीला आनंद झाला. रडलं कोण? माझा मुलगा."

बायको काही बोलणार होती. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे हात जोडून पाहिलं आणि ती गप्प बसली.

"बाबा, सकाळी मी तुम्हाला म्हणालो होतो, कुठेतरी जा..."

"म्हणालास? मी कुठे ऐकलं? मला उशीर होत होता, नुसतं बरं म्हटलं आणि निघालो," बाबा म्हणाले.

चष्मेवाल्यांच्या छातीवरचं ओझं एका क्षणात उतरलं. ज्या वाक्यासाठी त्यांनी दीड तास नरक पाहिला, ते वाक्य पोहोचलंच नव्हतं. बाबांच्या त्या न ऐकण्याचे त्यांनी मनातल्या मनात शतशः आभार मानले.

"भावजी," मेहुणा कधीपासून पोस्टर निरखत होता, "छान झालंय. पण कोणी हरवलं ते लिहायला हवं होतं. निदान आडनाव तरी."

बाबांनी बदला घ्यायचा म्हणून नवा डाव मांडला. चष्मेवाले एका रिमवर टेकून बसले. कितीतरी वर्षांनी ते वडिलांचा खेळ पाहत होते. त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाबा प्यादं पुढे सारायच्या आधी ते बोटाने हळूच थोपटतात, हे त्यांनी आज पाहिलं. तो हात, ते थोपटणं, ती घसरणारी काडी. हे सगळं जागच्या जागी आहे याबद्दल कोणाचे आणि किती आभार मानावेत ते त्यांना कळेना.

चाळिसाव्या मिनिटाला मेहुणा म्हणाला, "शह आणि मात!"

आणि चष्मेवाल्यांनी, अगदी मनापासून, टाळ्या वाजवल्या.

बाबांनी मान वर केली. "तू नक्की कोणाच्या बाजूचा?"

"तुमच्याच!" चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही असेच रोज हरत जा, बाबा!"

त्यानंतर बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण ते समोरच्या खुर्चीत बसून बोलले नाहीत, आणि चष्मेवाल्यांना तेवढं पुरेसं होतं.