डुकरांच्या पंगतीचा घोटाळा

डॉक्टर घाऱ्यांचं लग्न डुकरांच्या तंगड्यांवर अडलं होतं. हसू नका, खरंच अडलं होतं. पळसदरीच्या वराह केंद्रात त्यांची नोकरी हंगामी, आणि खोपोलीच्या बुधाजींचं म्हणणं एकच, "आधी नोकरी कायम करा, मग आमच्या जयाला न्या."

कायम व्हायचं तर प्रयोग जमायला हवा. डुकराच्या मांसात दोन जातींचे तंतू असतात, तांबडे दमदार आणि पांढरे लवकर दमणारे. अमिनो आम्लाची पूड चारली की पांढऱ्यांचे तांबडे होतात, असं घाऱ्यांनी पुण्याच्या साहेबांना छातीठोक सांगून ठेवलं होतं. म्हणून डावीकडच्या डुकरांना पूड आणि उजवीकडच्यांना नुसता कोंडा. चारायचं काम अंबूबाईकडे.

दिवाळी झाल्यावर साहेब आले. दोन्हीकडच्या डुकरांच्या मांडीतून हरभऱ्याएवढे तुकडे काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. डावीकडचे तांबडे. उजवीकडचेही तांबडेच!

"घारे, फरक कुठाय?"

घारे तसेच अंबूबाईकडे धावले.

"अंबूबाई, पूड कुणाकुणाला घातलीत?"

"सगळ्यांना! एकाला वाढायचं नि दुसऱ्यानं टकामका बघत बसायचं? पंगतीत असा दुजाभाव आमच्यात नाय चालत. पाप लागतंय, डागदर!"

"अहो, डुकरं आहेत ती!"

"मग? त्यांला काय तोंड नाय?"

झालं! आता पूड न खाल्लेलं डुक्कर आणायचं कुठून? टेंपोवाला मोरू म्हणाला, "चौक गावात लडकूचं मोकाट डुक्कर हाय की. ढाब्यामागचं उष्टं खातंय. पूड त्याच्या बापानं पन बगितली नाय."

डुक्कर मिळालं, पण हाती लागेपर्यंत त्यानं मोरूला दोन गॅरेजं, चार खाचरं आणि एका साखरपुड्याच्या मांडवातून पळवलं. साहेबांनी तुकडा बघितला आणि खुर्चीतून उठलेच.

"घारे! हे तर सगळ्यांत तांबडं!"

घाऱ्यांनी डोळे मिटले. गेली जया!

"पूड नाही, तरी तांबडं! म्हणजे खरी करामत पळण्याची! हे दाखवायलाच मोकाट डुक्कर आणलंत ना?"

खोटं बोलायला माणसाला एवढा चांगला मुहूर्त पुन्हा मिळत नाही. "हो, साहेब," घारे म्हणाले.

नोकरी कायम झाली. पुढचा प्रयोगही ठरला. रोज सकाळी झाडून सगळी डुकरं कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत पळवायची, आणि कायम अधिकाऱ्यानं जातीनं बरोबर पळायचं.

बुधाजी लग्नाची तिथी काढून मोठ्या हौसेनं पळसदरीला निघाले. वाटेत समोरून डुकरांचा लोंढा आला आणि त्यामागे धापा टाकत जावई.

"जावईबापू, नोकरी कायम झाली ना?" बुधाजी धोतर खोचून त्यांच्यामागे धावले.

"झाली!"

"मग आता थांबा की वो!"

"कायम झाली, म्हणून तर थांबता येत नाही!"