एक टक्क्याचा आर्गॉन

"शाळेच्या नाटकात आमची यशोधरा नायट्रोजन झालीय," नळाला हंडा लावत मालनबाई म्हणाल्या. "हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तीच! तुमचा प्रशांत कोण झालाय?"

"आर्गॉन," विमलबाई पुटपुटल्या.

"मंजी किती?"

"एक टक्का."

मालनबाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि विमलबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. दोघींचे नवरे नागापूरच्या एकाच कारखान्यात, घरं भिंतीला भिंत. केबल आधी मालनबाईंकडे आली, तेही त्यांनी सोसलं होतं. पण आता पोरगीही अठ्ठ्याहत्तर टक्के? छे!

पदर खोचून बाई थेट शाळेत. स्नेहसंमेलनात 'हवेची गोष्ट' बसवणारे लोंढे सर हातावरचा खडू झाडत होते.

"सर, आमचं पोरगं एक टक्का आन् शेजारणीची पोर अठ्ठ्याहत्तर? ह्यो कुठला न्याय?"

"अहो बाई, आर्गॉनचं वेगळं आहे. तो कुणाशी संयोग पावत नाही, एकटाच..."

"मंजी त्याला कुणी खेळाया बी घ्यायचं न्हाई? ते काय न्हाई, अदलाबदल करा. आर्गॉन यशोधरेला द्या. तिला लई शोभंल!"

सरांनी पुन्हा तोंड उघडलं, पण बाईंपुढे कुणाचं चाललंय! प्रशांतसाठी आपल्या लग्नातला जांभळा शालू फाडून शिवलेला अंगरखाही त्यांनी मालनबाईंना नेऊन दिला. "घ्या, एक टक्क्याला तेवढाच आधार." मालनबाईंचा चेहरा पडला. विमलबाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या. नायट्रोजनला नुसता पांढरा बनियन लागतो, हे ऐकून त्या जरा चमकल्या खऱ्या. पण मोठी माणसं साधीच राहतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

संमेलनाला अख्खी गल्ली घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या. पडदा उघडला. सरांनी शंभर पोरं टक्केवारीनं वाटली होती! पांढऱ्या बनियनमधले अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन खाली दाटीवाटीनं गप्प बसलेले. एकवीस ऑक्सिजन निळ्या टोप्या घालून पळतायत. आणि मधोमध, दिव्याच्या झोतात, जांभळ्या अंगरख्यात एकटी यशोधरा. कार्बन डायऑक्साइड, निऑन, हेलियम यांच्या वाट्याला अख्खं पोरही येत नव्हतं, म्हणून त्यांची घुंगरं करून तिच्याच कमरेला बांधलेली. सगळी गोष्ट तीच सांगत होती.

"तुमचा प्रशांत कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"हाय की तिथंच," विमलबाई दात आवळून म्हणाल्या.

टाळ्या थांबेनात. मालनबाईंनी रडत त्यांना मिठी मारली. "सोताच्या पोराचं काम माझ्या पोरीला दिलं! वर शालू बी! एवढं मोठं मन कुणाचं असतंय, विमलबाई?"

"असू द्या हो," विमलबाई म्हणाल्या. आतून नुसती आग आग होत होती.

चार दिवसांनी मालनबाईंनी नाटकाचा फोटो फ्रेम करून आणला आणि विमलबाईंच्याच भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावला. काढायची सोय नाही, रोज येणं-जाणं. पाहुणे आले की विचारतात, "ही जांभळ्या कपड्यातली कोण हो?"

"ती ऱ्हाऊ द्या," विमलबाई फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात. "ह्यो कान दिसतोय का? ह्यो आमचा प्रशांत."