अप्पांच्या जीपचा लाल दिवा

७ फेब्रुवारी १९७६, सकाळचे साडेसात. शेजारचे शिवलिंगप्पा माझ्या दारात उभे होते. दार सताड उघडे, मी समोरच बसलेला. तरीही "या" म्हटल्याखेरीज अप्पा उंबरा ओलांडत नाहीत.

"सिग्नल आल्याबिगर हलायचं न्हाय," हे त्यांचे तत्त्व. सात रस्ता चौकात पोलिसाने एकदा पुढे जायचा हात दाखवला, पण त्याची नजर भलतीकडे होती. अप्पांनी जीप तिथेच उभी ठेवली. मागे भोंग्यांचा कल्लोळ. "दादा, मला म्हणला का मागच्याला?" अप्पांनी विचारले. नवी पेठेतले त्यांचे तेलाचे दुकान अशाने कसे चालते, हे मला उमगलेले नाही.

मी "या" म्हटले.

"नाना, जीपचा फोरव्हीलचा सिग्नल येईना. आज बिघाड घावला तर घावला. सांजच्याला कुर्डुवाडीचं गिऱ्हाईक येतंय. न्हायतर देऊन टाकतो."

जीप गेली की सीना नदीपलीकडचे शेतही सुटले. पात्रातली वाळू चारही चाकांनी ओढल्याशिवाय पार होत नाही. पत्नी गौरव्वा वारल्यापासून अप्पा तिकडे फिरकले नव्हते. मी गिरणीच्या विद्युत खात्यात जन्म काढला आहे. दोष सापडल्यावाचून उठायचे नाही, असे ठरवले.

पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला की गिअरबॉक्सवरचा स्विच दाबला जातो आणि लाल दिवा लागतो. योजना एवढीच. जीपखाली शिरून स्विच काढला. तो चिखलाने अडकला होता. साफ करून बसवला.

"दांडा ओढा. लागला का?"

चालकाच्या जागेवरून अप्पा म्हणाले, "न्हाय."

स्विचची तार बदलली.

"आता?"

"न्हाय की."

स्विचच नवा बसवला. "न्हाय." दुपार झाली. मी संतापून बाहेर आलो आणि डाव्या बाजूने आत चढलो. दिवा लख्ख जळत होता. तो डाव्या आसनासमोर होता, चालकाच्या बाजूने पत्र्याची झापड.

"अप्पा, सकाळपासून न्हाय काय म्हणता?"

"हितनं कुटं दिसतंय? दिसला न्हाय म्हणून न्हाय म्हणलो."

"इकडे बसवला कोणी?"

"मीच." अप्पांनी झापडीकडे बोट केले. "ती वाळूत लई भ्यायची. म्हणलं, सिग्नल तू बघायचा. मग भ्यायची न्हाय. 'बंतु री' म्हणून वरडायची."

बंतु म्हणजे कानडीत आला; री म्हणजे बायको नवऱ्याला म्हणते तसे 'अहो'.

दिवा चालकासमोर आणणे सोपे होते. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. अप्पांनी झापडीवर हात ठेवला.

मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि डाव्या आसनावर नीट बसलो. "चला," म्हटले.

सीनेच्या काठावर अप्पांनी दांडा ओढला. दिवा लागला.

"बंतु," मी म्हणालो.

जीप हलेना. अप्पा समोर पाहत होते.

"री," मी जोडले.

जीप वाळूत उतरली.

सायंकाळी परतल्यावर कुर्डुवाडीच्या गिऱ्हाइकाला अप्पांनी चहा पाजून वाटेला लावले. मी पुन्हा जीपखाली शिरलो आणि चिखल जाऊ नये म्हणून स्विचवर रबराची टोपी बसवली.