कुमुदबाई आणि इंग्रजांच्या बायका

कुमुदबाई पुस्तकाला शिव्या देतात, त्याही मोठ्यानं. "मेल्या, हात खाली घे," असं पानाला बजावतात. एवढ्यानं राग गेला नाही तर पुस्तक पालथं घालून वर साबणाचा डबा ठेवतात. "बस आता दबून."

आमच्या जर्सी सिटीतल्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची मशीनं आहेत. बायको गेल्यावर लेकानं मला इकडं आणलं. लेक-सून कामाला, म्हणून धुणं माझ्याकडं. मी चौथी शिकलेला, एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करणारा. कुमुदबाई नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, लेकीकडं राहतात. मशीन फिरायला लागलं की त्या लायब्ररीची जाडजूड कादंबरी उघडून मला मराठीत सांगायच्या. सगळ्या व्हिक्टोरियन काळातल्या. नवरा घरंदाज, बायको त्याच्या मुठीत.

"बघा आबा, नवऱ्यानं दार लावून घेतलं म्हणे. सकाळी बाई गळाबंद झगा घालून नाश्त्याला आली. मधलं लिहायला शाई संपली होती का रे तुझी?" हा शेवटचा प्रश्न लेखकाला.

"पोलीस नव्हते काय?" मी विचारायचो.

"कायदाच नवऱ्याचा, आबा. तिची टोपीसुद्धा त्याच्या मालकीची."

शेवटी मात्र ती बाई ट्रंक भरायची, घोडागाडीत बसायची आणि निघून जायची. मला बरं वाटायचं. आमची ही गेल्यापासून मला कशात गोडी राहिली नव्हती, पण धुण्याच्या दिवशी मी लवकर उठायला लागलो.

पुढं तिसऱ्या मजल्यावरची सायली ऐकायला बसू लागली. पुण्याची पोर, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची सोय नाही. मनगट काळंनिळं. "कपाटाचं दार लागलं," म्हणायची. बाई तिला खोदून विचारायच्या नाहीत. वाचत राहायच्या.

एकदा तिचा नवरा खाली आला. "सायली, वर चल. आत्ता." त्यानं तिचा दंड धरला.

बाईंनी मान वर केली नाही. पुस्तकात बघत वाचलं, "तिचा हात सोड, शेजारीण म्हणाली. तिथं एक दांडगा म्हातारा होता. तो उठून उभा राहिला."

मला वाटलं, हे पुस्तकातलंच. पुढं काय होतंय म्हणून मी ऐकत बसलो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "उठून उभा राहिला, आबा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उठलो.

"काका, हे आमचं पर्सनल आहे, यार," नवरा म्हणाला.

"असू दे. आधी हात सोड."

सोडला. सायली वर गेलीच नाही. बाईंनी तिला आपल्या घरी ठेवलं, अशा बायकांना मदत करणाऱ्यांना फोन लावून दिला. मग तिची मावसबहीण येऊन तिला दूर नोव्हाय नावाच्या गावी घेऊन गेली.

थंडीत सायलीचा फोन आला. आवाज मोकळा होता. "आबा, बाई वाचायच्या ते पुस्तक मी इथल्या लायब्ररीतून आणलं. यात ती कुठं जातच नाही. नवऱ्याला माफ करते आणि मरते."

मी बाईंना गाठलं. "सगळ्याच मरतात काय हो?"

"बहुतेक." बाई टॉवेलच्या घड्या घालत होत्या. "त्या लेखकांना मेलेली बायको फार आवडायची."

"पोरीसाठी बदललंत ते. लई चांगलं केलंत."

"सायली नंतर आली, आबा. पहिली कादंबरी मी तुम्हाला खरी वाचली होती. त्यात बायको मेली, आणि तुम्ही ओले कपडे मशीनमध्येच सोडून वर गेलात. पुढं कितीतरी दिवस खाली आला नाहीत. मी इथं एकटी पुस्तक मिटून बसायचे. घरात माझं मराठी ऐकायला कोणाला वेळ आहे?"

मला उपकार मानायचे होते, पण ते शब्द कधी वापरलेले नाहीत. त्यांनी चादर काढली. मी दुसरं टोक धरलं.