आठ पायांची मुंगी

मुंगी आणि कोळी यांतला फरक मला कोणीही उभ्याउभ्या विचारावा. बसायची गरज पडणार नाही! उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या ज्या वंशाने मुंगीचे सोंग घेतले आहे, त्याच्यावर मी एकवीस वर्षे घालवली आहेत. तीच बारीक कंबर, तीच लगबग. पाय मात्र आठ. पैकी पुढचे दोन मिशांसारखे उचलून धरले, की झाली मुंगी! शिवाय मोटारीच्या दिव्यांसारखे दोन टपोरे डोळे. आणि धोका दिसला की उडी.

आमच्या संग्रहालयाच्या विभागप्रमुखांनी माझे सारे नमुने मुंग्यांच्या खणात कोंबले होते. मी एकोणीस अर्ज केले. एकोणिसांवर एकच शेरा : "मुंगीच आहे." आता त्यांची नवी यादी समितीपुढे मंजुरीला येणार होती. ती छापली, की माझी उभी हयात मुंग्यांत जमा!

समितीच्या बैठकीच्या सकाळी मी घरच्या गॅलरीतल्या कुंडीवरून एक जिवंत नमुना बाटलीत पकडला.

"पाय मोजलेत ना?" बायकोने विचारले.

"ज्याने त्या पायांवर प्रबंध लिहिला, त्याला विचारतेस?"

"प्रबंध तुमचा आहे हो. पाय त्याचे आहेत."

या वाक्याकडे मी विद्वानाला शोभेलसे दुर्लक्ष केले.

समितीपुढे मी अर्धा तास बोललो. अखेर प्रमुखांनी बाटली उचलली.

"अहो, ही मुंगी आहे. शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"मग उघडा की झाकण," मी थंडपणे म्हणालो. "मुंगीला काय भ्यायचं?"

त्यांनी उघडले. प्राणी तडक त्यांच्या बाहीत शिरला. पुढच्या क्षणी नव्वद किलोंचे प्रमुख खुर्चीवर उभे! उडी हे माझ्या वंशाचे लक्षण. पण इतकी देखणी उडी मी एकवीस वर्षांत पाहिली नव्हती. चहा यादीवर सांडला, मुंग्यांचे पान विरघळले.

"कोळी! कोळी चावला! काढा रे कोणीतरी!"

"नक्की कोळीच ना, सर?" मी विचारले.

"कोळी म्हणतोय ना! आंधळे आहात का?"

"लिहून घ्या," समितीच्या अध्यक्षबाई लेखनिकाला म्हणाल्या. "कोळी. एकमताने!"

दुपारपर्यंत माझे सगळे नमुने सन्मानाने कोळ्यांच्या खणात गेले. दिग्विजयच तो! बाहीतून काढलेल्या त्या वीराच्या नावाची चिठ्ठी लिहायला मी भिंग उचलले.

पाय सहा.

पुन्हा मोजले. सहाच. मिशा अस्सल. विभागप्रमुख अगदी बरोबर होते, चावा बसेपर्यंत.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, तुमची मुंगी कुंडीवरून उडी मारून माझ्या चष्म्यावर बसलीय. मी मोजले. आठ आहेत."

इतिवृत्तात दुरुस्ती सुचवावी, असे क्षणभर वाटले. पण ठराव एकमताचा होता. विद्वानाने एकमताचा मान राखावा!

हल्ली मी पाय मोजतो. बायको घरात नसताना.