डोक्याला पेंड

एकाहत्तरच्या लढाईत न डगमगलेला मानसिंग सुट्टीवर पलूसला आला आणि कंगव्यातले केस बघून हादरला. परवा भिलवडीला लालासाहेबांच्या मुलीला, शालूला, बघायला जायचं होतं. तिला त्यानं जत्रेत एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावर बर्फातले दोन हिवाळे काढले होते.

केस का जातात, याचा छडा लावायला सगळं घर लागलं. "पलटनीतल्या लोखंडी टोपीनं खाल्लं माझ्या लेकराला," आई मनुबाई म्हणाली. न्हाव्यानं दोष पाण्याला दिला. शेवटी राहिला हरिबा धनगर. त्याची मेंढरं खतासाठी मानसिंगच्याच रानात बसली होती. त्यानं मानसिंगच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जमिनीत कसच ऱ्हायला न्हाई, गड्या. उसाला काय घालतोस?"

"शेंगदाण्याची पेंड."

"मग?"

शेतकऱ्याच्या पोराला एवढं पुरे झालं. मानसिंगनं पेंड भिजवली, डोक्यावर जाड थापली आणि भर दुपारी बांधावरच्या आंब्याखाली आडवा झाला.

उसातून वारा सळसळत होता. डोळा लागला तसा तो ऊस त्याच्याच डोक्यावर डुलू लागला, हिरवागार, कमरेएवढा. त्यातून वाट काढत शालू आली, उशाशी बसली आणि ओल्या, उबदार बोटांनी डोकं कुरवाळू लागली. सगळं जग कसं मऊ झालं होतं.

"शालू, हळू गं," तो पुटपुटला. "घाई न्हाई आपल्याला."

शालू कानामागं वळली. तिच्या अंगाला लोकरीचा वास येत होता, पण प्रेमात असल्या गोष्टी कोण मनावर घेतं?

मग शालू "बें" करून ओरडली.

मानसिंगनं डोळे उघडले. हरिबाची मेंढी उरलीसुरली पेंड चाटत होती आणि बांधावर खुद्द लालासाहेब उभे होते. मुलगी दाखवायच्या आधी स्थळाचं रान गुपचूप बघून जायचं, ही सोयऱ्यांची जुनी रीत. मानसिंगनं ताडकन उठून सलाम ठोकला. लग्न मोडलंच, असं धरून तो घाईघाईनं सांगू लागला.

"आवं मामा, केसांचं कारण असं की..."

"लय येळ बघतोय मी," लालासाहेब म्हणाले. "मेंढी टाळू चाटतीया, आन् तू वराडला न्हाईस, का हाकललं न्हाईस. वर आमच्या पोरीचं नाव घेतोस!"

मानसिंगनं कपाळावर ओघळलेली पेंड बाहीनं पुसली.

"पलटनीतला गडी रागीट असतोय म्हनून पोरगी दोन दिस जेवली न्हाई. म्हनली, आबा, तेवढं बघून या." लालासाहेब हसले. "आता जेवंल."

"आन् केसांचं?"

"केसांचं तिनं इचारलंच न्हाई."